आडवळणी शब्द, कट्ट्यावरची भाषा आणि त्यांची मुळं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी शब्दांच्या मुळांविषयी लोक विचारतात त्यात ठरावीक प्रश्न फिरून फिरून येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. एखादा वाक्प्रचार कुठून आला हे शोधायचं असेल, तर आधी तो कोणाच्या कामातला होता हे पाहावं. स्वार, सराफ, भटजी, गुऱ्हाळवाले, सोंगट्या खेळणारे यांच्या रोजच्या बोलण्यातून आपल्या भाषेतले निम्मे आडवळणी शब्द आलेले आहेत. ती कामं गेली, शब्द मात्र आपल्या तोंडी राहिले.

'गाशा गुंडाळला' म्हणतात, तो गाशा म्हणजे काय?

घोड्याच्या खोगिरावर घालायचं कापड. शब्द मुळात अरबी, अर्थ झाकण किंवा आच्छादन. फारसीमार्फत तो आपल्या लष्करी बोलीत आला. तळ हलवायचा म्हटला की स्वार आपलं सामान आवरत, त्यात गाशाही गुंडाळला जाई. म्हणून आज एखादी कंपनी शहर सोडून गेली तरी ती 'गाशा गुंडाळते'. घोडा मात्र त्या वाक्यात कोणालाच दिसत नाही.

मराठीत घोडदळाचे असे शब्द इतके आहेत की ते वेगळे काढून बघण्यासारखे आहेत. खोगिराच्या आत चिंध्या, काथ्या, लोकर असं हाताला येईल ते कोंबत. गुण पाहायचा नाही, पोकळी भरली म्हणजे झालं. त्यावरून नुसती संख्या वाढवायला घेतलेल्या माणसांना 'खोगीरभरती' म्हणू लागले. घोड्याच्या तोंडाला बांधायची चंदीची, म्हणजे दाण्याची, पिशवी म्हणजे तोबरा. पान तोंडात कोंबणारा माणूस म्हणूनच 'पानाचा तोबरा भरतो'. घोड्यावरची बैठक म्हणजे मांड, आणि सत्तेवर 'मांड ठोकतात' ती हीच.

यातला सर्वांत बदललेला शब्द म्हणजे शिलेदार. स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार, आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. म्हणजे शिलेदार त्यातल्या त्यात स्वतंत्र. आज मात्र बातम्यांत नेत्याच्या हुकमातल्या विश्वासू माणसाला 'शिलेदार' म्हणतात. जुन्या अर्थाने पाहिलं तर त्यातले पुष्कळसे बारगीर ठरतील.

स्लँग, बोली आणि ग्राम्य भाषा यांत फरक काय?

बोली एखाद्या प्रदेशाची किंवा समाजाची पूर्ण भाषा असते. तिला स्वतःचं व्याकरण असतं. वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी यांना स्लँग म्हणणं चूक आहे. 'पोट्टा' हा नागपूरकडचा मुलगा आणि 'झील' हा मालवणी मुलगा, दोन्ही घरातले सरळ शब्द आहेत. स्लँग एखाद्या गटाची असते, महाविद्यालयातल्या पोरांची, रिक्षावाल्यांची, बाजारातली. ती बहुधा प्रमाण भाषेचंच व्याकरण वापरते आणि शब्द तेवढे आपले घालते. 'ग्राम्य' हा शिक्का तर शब्दावर नसतोच. तो ऐकणाऱ्याने मारलेला असतो.

'पोबारा' हा पळण्याशी कसा जोडला गेला?

पोबारा हे फाशांचं दान आहे. पौ म्हणजे एक, आणि दोन सहांचे बारा. तीन फाशांवर सहा, सहा, एक पडले की पौबारा. हे दान चांगलं समजतात, म्हणून हिंदीत 'पौ बारह होना' म्हणजे नशीब उघडणं. मराठीत तेच दान पाय लावून पळालं: चोराने पोबारा केला. एकाच पटावरचं एकच दान, आणि दोन शेजारच्या भाषांनी त्याचे दोन अर्थ घेतले. मला हे उदाहरण फार मोलाचं वाटतं, कारण मूळ कळलं म्हणजे अर्थ कळला असं नसतं, हे त्यातून पक्कं समजतं.

'नवटाक', 'तसूभर', 'सोळा आणे' हे नेमकं किती?

दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली. मेट्रिक वजनमापांचा कायदा १९५६ चा, आणि तो १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाला. म्हणजे ही जुनी मापं वापरातून जाऊन साठ वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी बोलण्यात ती शाबूत आहेत.

रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे किंवा बारा पै. म्हणून पूर्ण खरं ते 'सोळा आणे' खरं, आणि चोख हिशेब 'पै न पै'चा. 'चार आणे' म्हणजे पंचवीस पैसे. ते नाणं ३० जून २०११ ला चलनातून गेलं, पण चार आण्याची अक्कल नसल्याचं अजून ऐकवलं जातं.

वजनात बघा. टाक हे जुनं लहान वजन, आणि मुंबईचा शेर ७२ टाकांचा. त्याचा आठवा हिस्सा नऊ टाक, तोच नवटाक. दारू या मापाने विकली जाई, म्हणून 'नवटाक मारणे'. पावशेर त्याच्या दुप्पट. सराफाकडे आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा एक तोळा. क्षणात तोळ्याइतकी आणि क्षणात माशाइतकी होणारी ती 'तोळामासा' प्रकृती. तसू हे लांबीचं माप, गजाचा चोविसावा भाग, साधारण इंचभर. 'तसूभरही मागे हटणार नाही' म्हणणारा एक इंचही न सोडण्याची भाषा करत असतो.

'अठराविश्वे दारिद्र्य' यात विश्व कुठून आलं?

विश्व नाहीच. तो 'विसे' आहे, म्हणजे वीस. अठरा विसे तीनशे साठ, म्हणजे वर्षाचे झाडून सगळे दिवस. विसांनी मोजायची सवय गेली आणि 'विसे'चं 'विश्वे' झालं.

कायदा बदलला, मग आता 'चारसोबीस' म्हणायचं की नाही?

जरूर म्हणा. १८६० च्या भारतीय दंड संहितेत फसवणुकीचं कलम ४२० होतं आणि त्यावरून लबाड माणूस चारसोबीस ठरला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. त्यात हा गुन्हा कलम ३१८ च्या पोटकलम ४ मध्ये आहे. 'तीनशे अठराचा चार' असं कोणी कोणाला म्हणणार नाही. बोलीतला आकडा एकदा रुळला की त्याला राजपत्राशी देणंघेणं उरत नाही.

लग्न-श्राद्धातले कोणते शब्द रोजच्या बोलण्यात आले आहेत?

पुष्कळ. आणि त्यांत लोकांचं निरीक्षण किती अचूक होतं ते दिसतं. 'तारांबळ' मंगलाष्टकांनंतरच्या 'ताराबलं चंद्रबलं' या शब्दांतून आली असं सांगतात. मुहूर्त गाठायला मांडवात जी धावपळ चालते, तीच तारांबळ. 'सव्यापसव्य' श्राद्धातलं आहे. जानवं कधी डाव्या खांद्यावर (सव्य), कधी उजव्या खांद्यावर (अपसव्य), पुन्हा डाव्या. बाहेरून बघणाऱ्याला ती नुसती उठाठेव वाटली, आणि कुठल्याही किचकट खटाटोपाला तेच नाव मिळालं.

मूल पहिल्यांदा अक्षरं गिरवी ते 'ॐ नमः सिद्धम्' हे. पोरांच्या तोंडी त्याचं 'ओ ना मा सी धं' झालं आणि आरंभाला 'ओनामा' म्हणू लागले. बाळाच्या पाचव्या दिवशी पाचवीची पूजा होते, आणि त्या रात्री नशीब लिहिलं जातं अशी समजूत. जन्मभर पाठ न सोडणारी गोष्ट म्हणून 'पाचवीला पुजलेली'. 'गच्छंती' हे तर संस्कृत क्रियापद आहे, 'गच्छन्ति' म्हणजे ते जातात. मराठीने ते उचलून त्याचं नाम केलं आणि नोकरीवरून काढण्यासाठी वापरलं.

'गोंधळ' हाही याच घराण्यातला. अंबाबाई-भवानीच्या नावाने संबळ आणि तुणतुण्यावर रात्रभर चालणारा विधी तो गोंधळ, तो करणारे गोंधळी. वर्गात मुलांनी घातलेला गोंधळ नंतरचा.

कंटाळवाण्या बोलण्याला मराठीत इतके शब्द का?

कारण ऐकणाऱ्यांनी वैतागून ते घडवले. उसाचा रस तासन्‌तास आटवायचा ते 'गुऱ्हाळ'. संपता न संपणारा दोर वळायचा ते 'चऱ्हाट'. जात्यावरचं 'दळण'. चावलेलंच पुन्हा चावायचं ते 'चर्वितचर्वण'. उजव्या हाताने सरळ नाक न धरता डोक्यामागून हात नेऊन धरायचं तो 'द्राविडी प्राणायाम'. खेळाच्या नुसत्या नमनालाच घडाभर दिव्याचं तेल जळलं, तर पुढे काय, ही तक्रार म्हणजे 'नमनाला घडाभर तेल'. यातला कुठलाही शब्द दुसऱ्याच्या जागी घालून बघा, बसत नाही. गुऱ्हाळ बरेच जण मिळून घालतात, चऱ्हाट एकटाच लावतो, आणि दळणात तेच तेच येत राहतं.

'वल्ली' आणि 'अवलिया' यांचा संबंध आहे का?

आहे, आणि तो अगदी सख्खा आहे. अरबीत 'वली' म्हणजे ईश्वराच्या जवळचा, संत. 'औलिया' हे त्याचंच अनेकवचन. मराठीत दोन्ही आले आणि वेगळे झाले. वल्ली हा तऱ्हेवाईक माणूस, अवलिया हा मनस्वी. अनेकवचन असूनही 'एक अवलिया' म्हणताना कोणालाच खटकत नाही, आणि खटकायचं कारणही नाही.

'बदमाश' मध्ये 'मआश' म्हणजे उपजीविका, तेव्हा वाईट मार्गाने पोट भरणारा तो बदमाश. 'वगैरे' हा अरबी 'व गैर', म्हणजे 'आणि इतर'. शिवाजी महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. पेशव्याचा पंतप्रधान, मुजुमदाराचा अमात्य, डबीराचा सुमंत झाला. पदांची नावं हुकमाने बदलता आली. 'वगैरे' आणि 'बदमाश' लोकांच्या तोंडचे होते, ते हलले नाहीत. उलट फारसी प्रत्यय मराठी शब्दांना जाऊन चिकटले. भांडखोर, चिडखोर, दादागिरी. त्यातला 'खोर' म्हणजे खाणारा.

पोर्तुगीज शब्द कोणते?

पाव, पगार, चावी, लिलाव, घमेलं, बिजागरी, काजू, अननस, कोबी, नाताळ. तुरुंगही त्यांचाच, मूळ अर्थ झाडाचं खोड, म्हणजे कैद्याचे पाय अडकवायचा खोडा. हापूस हा अफोन्सो द अल्बुकर्क याच्या नावावरून. बटाटा त्यांच्यामार्फत आला, पण शब्द कॅरिबियन बेटांवरच्या मूळ रहिवाशांचा. त्यांच्याकडे तो रताळ्याला होता.

आणि इंग्रजीतून वेष बदलून आलेले?

गॅसलाइटचं घासलेट, टम्बलरचं टमरेल, रिक्रूटचा रंगरूट, प्लॅटूनची पलटण, लॉर्डचा लाटसाहेब.

'राडा', 'भिडू', 'सुपारी', 'हप्ता' हे शब्द मुंबईच्या गुंडांनी बनवले का?

बनवले नाहीत, वळवले. राडा म्हणजे चिखल, पाण्यामातीचा कालवा. पाऊस पडून अंगणाचा राडा झाला, हे आजही कानावर येतं. भिडू हा खेळातला जोडीदार, पोरंटोरं भिडू वाटून घेतात तो. कापड नीट ताणलं नाही की मध्ये झोळ पडतो, व्यवहारातला 'झोल' त्याच जातीचा.

सुपारीचा प्रवास जास्त बोलका आहे. आमंत्रण द्यायचं, शब्द पक्का करायचा, तर हातावर सुपारी ठेवायची ही रीत. तमाशाचा फड किंवा वाजंत्री ठरवताना आजही 'सुपारी घेतली' म्हणतात. तेच वचन खुनाच्या कराराला लागलं. तिचाच सोबती विडा. दरबारात तबकातला विडा उचलणारा अवघड मोहीम अंगावर घेई. विडा उचलण्यात मान राहिला, सुपारी मात्र बदनाम झाली. हप्ता हा फारसी 'हफ्त' म्हणजे सात यावरून. आधी आठवडा, मग आठवड्याची रक्कम, मग खंडणी. लाखाची 'पेटी' आणि कोटीचा 'खोका' हे शब्दही याच गल्ल्यांतले, आणि २०२२ मध्ये खोके विधान भवनाच्या पायऱ्यांवरच्या घोषणांत पोहोचले.

'छपरी' म्हणणं चूक आहे का?

हो. आणि हे थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण हा शब्द सध्या लहान मुलंसुद्धा सहज वापरतात.

छपरी हा शब्द छपराशी, म्हणजे गवताच्या, झावळ्यांच्या आसऱ्याशी जोडलेला आहे. छप्परबंद या नावाचा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत आहे. केस रंगवलेला, भडक कपड्यांतला मुलगा दिसला की 'छपरी' म्हणायचं, याचा अर्थ गरिबाच्या घराचं नाव शिवी म्हणून वापरायचं. बोलणाऱ्याच्या मनात ते नसेलही. ज्याला लागायचं त्याला ते लागतंच.

'भामटा' तर याहून जुना. आपण तो ठकाला वापरतो, पण राजपूत भामटा ही याच यादीतली एक जमात आहे. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे देशभरात माणसांचे समूहच्या समूह जन्मतः गुन्हेगार ठरवले. १९५२ मध्ये तो रद्द झाला. या समाजांना विमुक्त म्हणतात ते त्यामुळेच. कायदा पुसला गेला तरी बोलीने समाजाचं नाव आणि गुन्हा यांची गाठ अजून सोडलेली नाही. लिहिताना ठक, लबाड, लफंगा, भोंदू असे शब्द हाताशी आहेत. ते वापरावेत.

'अक्करमाशी' हा शब्दही असाच. वर तोळ्याचे बारा मासे आले. अकरा मासे म्हणजे एक कमी, म्हणून लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलाला हे नाव. तराजूतली एक साधी तूट उचलून जिवंत मुलाच्या माथी मारलेली आहे. मूळ समजून घ्यावं, नोंदवावं, पण कोणाला उद्देशून हा शब्द उच्चारू नये.

'ध चा मा' आणि 'साडेतीन शहाणे' खरंच इतिहासातले आहेत?

नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात झाला, हा इतिहास. रघुनाथरावांच्या चिठ्ठीतलं 'धरावे' आनंदीबाईंनी 'मारावे' केलं, ही परंपरेने सांगितलेली गोष्ट. वाक्प्रचार त्या गोष्टीवर उभा आहे.

साडेतीन शहाणे म्हणजे सखारामबापू बोकील, नागपूरकर भोसल्यांकडचे देवाजीपंत चोरघडे, निजामाकडचे विठ्ठल सुंदर, आणि अर्धे नाना फडणवीस. नाना मुत्सद्दी होते, पण तलवारबहाद्दर नव्हते म्हणून अर्धे, असं सांगतात.

मोबाइलवर फिरणाऱ्या व्युत्पत्त्या खऱ्या कशा ओळखायच्या?

पहिली खूण: शब्द अद्याक्षरांतून बनला असं सांगितलं असेल तर सहसा विश्वास ठेवू नका. 'न्यूज' म्हणजे चार दिशांची इंग्रजी अद्याक्षरं, हे शाळेपासून ऐकवलं जातं. ते खोटं आहे. तो 'नवीन' या शब्दापासूनच झाला. दुसरी खूण: गोष्ट फार नेटकी असेल, राजा, एक हजरजबाबी माणूस, आणि शेवटी शब्दाचा जन्म, तर ती बहुधा शब्दानंतर रचलेली असते. तिसरी, आणि सर्वांत कामाची: गोष्ट ज्या काळातली सांगतात त्याच्या आधीच्या लिखाणात शब्द सापडतो का? सापडला तर गोष्ट तिथेच संपली.

नुसत्या आवाजाच्या सारखेपणावर मात्र कधीच जाऊ नका. ध्वनी कसे बदलले याचे नियम असतात, आणि ते सगळ्या शब्दांना सारखे लागतात.

च ची भाषा कशी बोलतात?

पहिलं अक्षर उचलून शेवटी न्यायचं आणि त्याच्या जागी च बसवायचा, काना-मात्रा जागेवर ठेवायची. पाणी चं 'चाणीप', मराठी चं 'चराठीम'. मोठ्यांचीही अशी गुप्त बोली होती. व्यापारी गिऱ्हाइकासमोर भाव बोलताना आकड्यांना वेगळीच नावं वापरत, तिला नंदभाषा म्हणत. बोटांच्या खुणांची ती करपल्लवी.

कोणता कोश बघावा?

दोन कोशांपासून सुरुवात करा. मोल्सवर्थचा मराठी–इंग्रजी कोश १८३१ चा, सुधारलेली आवृत्ती १८५७ ची. शेत, बाजार, घर, पागा इथले शब्द त्यात भरपूर आहेत. दुसरा दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, १९३२ पासूनच्या सात खंडांचा. वाक्प्रचार आणि जुन्या वाङ्मयातले दाखले यासाठी त्याला तोड नाही. हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोफत शोधता येतात. मुळासाठी कृ. पां. कुलकर्णी यांचा व्युत्पत्तिकोश. गेल्या पन्नास वर्षांतली स्लँग यांत मिळणार नाही. ती माणसांकडूनच गोळा करावी लागते.

आजीच्या तोंडी एक शब्द आहे, कुठल्याच कोशात नाही. काय करू?

लगेच लिहून ठेवा, आणि एकटा शब्द लिहू नका. ती ज्या वाक्यात तो वापरते ते वाक्य जसंच्या तसं लिहा. तिचं माहेर कुठलं हे विचारा, कारण बायकांच्या तोंडचे शब्द पुष्कळदा सासरच्या गावचे नसतात. घरात काय काम चालायचं, विणकाम, शेती, मासेमारी, सराफी, तेही नोंदवा. नुसता अर्थ विचारण्यापेक्षा 'हे कोणाला म्हणशील, कोणाला म्हणणार नाहीस' असं विचारलं की अर्थ जास्त स्वच्छ कळतो. मग शेजारच्या भाषांत बघा. कोल्हापूर-सोलापूरकडचा शब्द असेल तर कन्नडमध्ये. तूप आणि अडकित्ता तिकडूनच आले आहेत. नांदेडकडचा असेल तर तेलुगूतही पाहा, कोकणातला असेल तर कोंकणीत.

शक्य असेल तर आवाज मुद्रित करा. मराठीत च आणि ज यांचे दोन-दोन उच्चार आहेत, चंद्रातला वेगळा आणि चाकातला वेगळा, आणि लिहिताना ते एकाच अक्षराने दाखवले जातात. कागदावर नोंदलेल्या शब्दातला तो फरक पुढे कोणालाही ओळखता येणार नाही.